राखून ठेवलेलं भाषण

स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या. आदल्या दिवशीच्या साखरपुड्याच्या झेंडूच्या माळा अजून मागे लटकत होत्या आणि त्यांच्या बरोबर मधे प्रोजेक्टरचा पांढरा पडदा लावला होता. सोलापुरातल्या एका लहानशा मंगल कार्यालयात हॅकिंगची परिषद भरली होती. आधी एका कॉलेजचं सभागृह मिळणार होतं म्हणे, पण 'हॅकिंग' हा शब्द ऐकून तिथल्या साहेबांनी हात जोडले. मंगल कार्यालयाच्या मालकाला तसली काळजी नव्हती. त्याने एवढंच विचारलं, पंगत बसणार की बुफे.

मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मंद्रूपहून रोज एसटीने ये-जा करून शिकायचे. वर्गात सरांच्या प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नसे. दुसऱ्या कुणी तेच उत्तर दिलं की आपलंही बरोबर होतं, असं मनातल्या मनात म्हणायचं आणि गप्प बसायचं. अशा मुलीचं नाव त्या दिवशी कार्यालयाच्या दारातल्या फळ्यावर होतं. एरवी ज्या फळ्यावर चि. आणि चि. सौ. कां. लिहितात, त्यावर खडूने वक्त्यांची नावं आणि दिवसभरातल्या भाषणांचे विषय लिहिले होते. दुपारच्या चहाच्या आधी माझा विषय होता: 'आईचा रिपोर्ट आणि माझी चूक'.

त्याचं असं झालं होतं. आईचं रक्त तपासायला सोलापुरातल्या एका लॅबमध्ये दिलं होतं. त्यांनी रिपोर्टची लिंक मेसेजने पाठवली. आईचा फोन साधा, बटणांचा. त्यात लिंक उघडत नाही. म्हणून तिचा फोन समोर ठेवून मी ती लांबलचक लिंक माझ्या फोनमध्ये एकेक अक्षर बघत टाइप केली. शेवटचा आकडा चुकला, आणि कुणा परक्या आजोबांचा रिपोर्ट उघडला. नाव, वय, गाव, सगळं. चुकून कुणाच्या तरी घरात शिरावं तसं मला वाटलं आणि मी घाईघाईने पान बंद केलं. मग डोक्यात प्रकाश पडला. आकडा बदलला की कुणाचाही रिपोर्ट कुणालाही दिसत होता.

लॅबच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे असं होत नाही." मी तिथेच उभी राहिले. परत जावं असं खूप वाटत होतं, पण ते आजोबा डोळ्यांपुढून जाईनात. शेवटी त्या बाईंनी लॅबचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या माणसाचा नंबर दिला. तो एकटाच ते काम बघायचा. आधी तो चिडला, मग बरेच दिवस 'करतो, करतो' म्हणाला, आणि एक दिवस त्याने खरंच केलं. आता लिंक उघडली की ओटीपी मागायची. तो ज्याचा रिपोर्ट त्याच्याच फोनवर जायचा. मी आईच्या लिंकवर करून बघितलं. ओटीपी मागितला. मला इतका आनंद झाला की चार्जर दुरुस्तीला टाकायला गेले तेव्हा दुकानातल्या भाईंना मी सगळं सांगून टाकलं.

भाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही परिषदही तेच भरवतात. सगळे त्यांना भाईच म्हणतात. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ये बात तू स्टेजपे बोल."

"मला नाही जमणार, भाई."

"काइकू नाही जमणार? अब्बी मेरेकू सांगितलंस ना? वैसाच सांग. फक्त आवाज थोडा मोठा कर, मेरेकूच आधा ऐकू आला."

त्यानंतर महिनाभर मी स्लाइड बनवत होते. आईचाच रिपोर्ट दाखवणार होते, म्हणून तिला आधी विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "दाखव की. साखरच हाय, चोरी केली न्हाय." आणि मग तव्याकडे बघत म्हणाली, "मी बी येते ऐकाया. तू बोलतीस कशी ते बघायचंय एकदा."

तिने असं म्हटल्यावर माझी झोप उडाली ती उडालीच.

त्या लोकांच्या दोन पद्धती मला तिथे गेल्यावर कळल्या. पहिली म्हणजे, नवा वक्ता आला की त्याच्या स्लाइड सकाळी दुसऱ्या एका वक्त्याने तपासायच्या. चित्राच्या कोपऱ्यात कुणाचं नाव राहिलंय का, झाकलेलं काही उघडं पडतंय का, हे शोधायचं. याला ते धुलाई म्हणतात. दुसरी म्हणजे, जे दार अजून उघडं आहे, म्हणजे जी चूक अजून दुरुस्त झालेली नाही, त्याबद्दल स्टेजवर बोलायचं नाही. पण तिथे कुणी कुणाचं भाषण रोखत नाही. द्यायचं की राखून ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. राखून ठेवलं तर फळ्यावरचा विषय पुसत नाहीत. त्याच्यापुढे वक्त्याने स्वतःच्या हाताने 'राखून' एवढं लिहायचं.

माझी धुलाई करायला एक ताई बसल्या. मूळच्या सोलापूरच्याच, आता पुण्यात नोकरीला. खांद्याला झोळी, हातात चहाचा कप. त्या स्टेजजवळच्या पायरीवर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. मी लॅबचं नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं. त्यांनी पट्टीवर क्लिक केलं, ओढली, आणि पट्टी बाजूला सरकली. खाली नाव तसंच.

"हे सगळ्यांचं होतं पहिल्यांदा," त्या हसून म्हणाल्या. "पट्टी लावायची नाही. चित्रच कापायचं."

मी कापलं. पुढची स्लाइड बघताना त्या थांबल्या. आईच्या रिपोर्टचं चित्र होतं. खाली उजवीकडे एक लहानसं बटण होतं, प्रिंटचं.

"हे दाबलं की काय होतं?"

"दुसरं पान उघडतं, ताई. छापायचं. मी डॉक्टरांसाठी काढलं होतं तेव्हा."

"त्या पानाचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

फोनमध्ये जुना पत्ता होता. त्या म्हणाल्या, "माझ्या फोनवर टाकू. आईचाच आकडा टाक हां, दुसऱ्या कुणाचा नको." मी टाकला. ओटीपी मागितला नाही. आईचं नाव, वय आणि साखर ताईंच्या फोनवर आली. त्यांनी लगेच फोन पालथा केला, जणू माझी आई समोर उभी होती.

सॉफ्टवेअरवाल्या माणसाने रिपोर्टच्या पानाला कुलूप घातलं होतं, पण प्रिंटचं पान वेगळं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. आणि मी? मी ज्या वाटेने आत गेले होते तेवढीच वाट बंद झालेली बघून घर बंद झालं असं समजले होते.

"रडू नको," ताई म्हणाल्या. मी रडत नव्हते, पण त्यांनी तसं म्हटल्यावर डोळे भरले. "आधी त्यांना फोन लाव."

मी लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मेसेज टाकला. पहिलं भाषण सुरू झालं तरी उत्तर नव्हतं.

पहिलं भाषण ताईंचंच होतं. विषय ऐकून मला नवल वाटलं. त्या एका वाचनालयाच्या पुस्तकं देण्या-घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खूप महिने भोक शोधत होत्या, आणि त्यांना एकही सापडलं नव्हतं. त्याच्यावरच त्या बोलल्या. "मी इथून गेले, बंद. तिथून गेले, बंद." प्रत्येक वेळी दार लावणाऱ्याने काय विचार केला असेल ते सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की जसं काही त्यांच्याच घरचं कौतुक चाललंय. शेवटी म्हणाल्या, "ज्यानं बनवलंय त्याला मी भेटायला गेले. त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आले. मी पेढे घेऊन गेले होते." मला तोपर्यंत वाटायचं, या लोकांना दुसऱ्याचं चुकलेलं दाखवण्यात मजा येत असेल. त्या भाषणानंतर मला तसं कधी वाटलं नाही.

दुसरं भाषण चालू असताना आई आली. दारात चपला काढायला लागली. मी पळत गेले.

"आई, हितं चपला काढायच्या न्हाईत."

"लगीनघर दिसतंय की."

"व्हय, पण लगीन न्हाय."

तिने तरी काढल्याच. डोक्यावरचा पदर नीट केला, शेंगा चटणीची आणि भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. इतकी तरुण पोरं लॅपटॉप उघडून बसलेली बघून म्हणाली, "सगळी हिशेब करायला बसल्यासारखी दिसत्यात."

स्टेजवर जेऊरच्या बाजूचा एक दादा बोलत होता. त्याचा विषय होता विहिरीवरच्या मोटरचा मोबाइल स्टार्टर. त्या पेटीत सिमकार्ड असतं, आपण घरून फोन लावायचा आणि मोटर सुरू होते. आमच्याकडेही आहे. त्याने सांगितलं, एकदा भर दुपारी त्यांची मोटर आपोआप सुरू झाली आणि केळीत पाणी साचलं. कुणी केलं ते कळेना. भावाभावांत भांडण झालं. शेवटी सिमवर आलेले फोन तपासले, तर लोन पाहिजे का विचारणाऱ्या बाईचा फोन येऊन गेला होता. ती पेटी कुणाचाही फोन आला की मोटर सुरू करायची.

सगळा हॉल हसला. दादा म्हणाला, "बाईनं विचारलं असंल, लोन पाहिजे का. मोटर म्हणली, पाणी घ्या."

आईने मला कोपराने ढोसलं. "आपली परवा सुरू झाली ती?"

"ती वायरीमुळं, आई."

"तुला काय म्हाईत? शेजारचा मेला दिवसभर फोनवरच अस्तोय."

दादाने पुढे सांगितलं की पेटीत ठरावीक नंबर भरून ठेवायची सोय असते, पण ते कागदावर इतक्या बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं की कुणी भरत नाही. त्याने ती पेटी बनवणाऱ्यांना कळवलं. ते आता नंबर भरल्याशिवाय पेटी सुरूच होणार नाही अशी बनवतात, म्हणून तो आज बोलू शकत होता. त्यासाठी मागच्या वर्षी त्याने भाषण राखून ठेवलं होतं. "मागच्या टायमाला फळ्यावर माझ्यापुढं 'राखून' लिहिलेलं होतं," तो म्हणाला, आणि तेवढ्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत राहिले. माझा फोन अजून गप्पच होता.

जेवणाआधीचं भाषण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पोराचं होतं. घरात तेलुगू, आजोबा मागावर चादरी विणायचे. त्याचा विषय होता व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी खोटी लग्नपत्रिका. ती पत्रिका नसतेच, ते ॲप असतं. उघडलं की तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा ओटीपी चोराला जातो. तो म्हणाला, "मी घरात सगळ्यांना इतकं शिकवलं, इतकं शिकवलं, की माझ्या भावाच्या लग्नाची खरी पत्रिका आम्ही पाठवली तर मामानं उघडलीच नाही. लग्नाला आला नाही. वर आईला फोन करून म्हणाला, तुझ्या पोरांनी मला फसवायचा प्रयत्न केला."

आई तोंडावर पदर धरून हसत होती. पोराने मग आवाज बदलला आणि सरळ पुढच्या रांगेतल्या मोठ्या माणसांकडे बघून सांगितलं, की ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. बँकेच्या साहेबाला नाही, पोलिसाला नाही, सख्ख्या लेकराला नाही. त्याने हे मराठीत सांगितलं, मग तेलुगूत, मग दख्खनीत. कारण हॉलमध्ये तिन्ही भाषांच्या आया बसलेल्या होत्या. मला ते फार आवडलं. आमच्या वर्गात कुणी इतक्या कष्टाने कुणाला समजावून सांगितलेलं मी बघितलं नव्हतं. आणि तो माझ्याच वयाचा होता.

पंगत बसली तेव्हा फोन वाजला. सॉफ्टवेअरवाल्याचा. तो सासुरवाडीला अक्कलकोटला वास्तुशांतीला गेला होता. मागून सारखं कुणीतरी कन्नडमध्ये 'ऊटा, ऊटा' म्हणत होतं. त्यांचीही जेवणं चालली असावीत.

"काय हो ताई, तुमचं एकदा केलं की आता. परत काय?"

मी प्रिंटचं सांगितलं. घाबरत सांगितलं, त्यामुळे उलटसुलट सांगितलं.

"म्हणजे मी केलेलं चुकीचं?"

ताईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्या आपलं ताट सोडून उठल्या.

"नमस्कार दादा. तुमचं ओटीपीचं काम हिच्या स्लाइडमध्ये बघितलं मी. चांगलं केलंय. एकट्यानं केलंत ना? हो, कळतं ते. ओटीपी तीनदा चुकला की थांबवताय, ते तर पुष्कळ लोक विसरतात." मग त्या जरा ऐकत राहिल्या. "नाही नाही, चूक काढायला नाही. तेच कुलूप त्या प्रिंटच्या दाराला पण लावायचं राहिलंय, एवढंच. आणि अशी अजून दारं असतील तर तुम्हालाच माहीत, बाहेरून आम्हाला नाही दिसणार."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ताईंनी फोन परत दिला. "बघतो म्हणाला. लॅपटॉप घरी आहे त्याचा. सोमवारी करेन म्हणतोय."

सोमवार. माझं भाषण चहाच्या आधी.

मी ताईंना विचारलं, "ताई, मी नाव तर घेणारच नाही. चित्र पण कापलंय. मग बोलले तर?"

त्यांनी मला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "तुझं भाषण आहे. मी फक्त दाखवलं. भाईसुद्धा तुला काही म्हणणार नाहीत." आणि त्या भात कालवायला लागल्या.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. सोलापुरात अशा लिंका पाठवणाऱ्या लॅब असून असून किती असणार? आणि इथे बसलेले हे सगळे, आकडा बदलला की काय होतं एवढं नुसतं ऐकलं तरी चहा गार व्हायच्या आत कुठली लॅब ते शोधून काढतील असे. ते कुणी वाईट वागतील असं मला वाटत नव्हतं. पण ते घरी जाऊन कुणाला तरी सांगतील, तो आणखी कुणाला सांगेल. आणि ते परके आजोबा. त्यांना तर माहीतही नाही की मी त्यांना ओळखते.

दुसरीकडे आई होती. कुणाला तरी अभिमानाने सांगत होती, "आता माझी पोरगी बोलनार हाय."

मी उठून दाराकडे गेले. फळ्याच्या चौकटीवर खडू होता. माझ्या विषयापुढे 'राखून' लिहिलं.

आई मागे येऊन उभी होती. "हे काय लिवलंस?"

मी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे बोलनार न्हाईस?"

"न्हाई."

"मी खुरपणी सोडून आले की गं."

"व्हय आई."

ती आवाज खाली करून म्हणाली, "जाऊबाईचं रगत बी तितंच दिलंय गेल्या म्हैन्यात. तिचा बी दिसतोय?"

"दिसंल."

"तिनं तर घरात कुनाला सांगितलं न्हाय, काय निघालं ते." आईने पदराने फळ्याच्या कडेवरची खडूची धूळ पुसली. "मग ऱ्हाऊ दे."

तिथली आणखी एक रीत म्हणजे पुढच्या वक्त्याने नवरदेवाच्या खुर्चीवर बसून आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. राखून ठेवलं तरी बसायचं, असं भाईंनी सांगितलं. मी जाऊन बसले. मखमल गार होती. समोर आई तोंडावर हात धरून हसत होती, नंतर म्हणाली, "नवरीसारखी दिसत व्हतीस, पर नवऱ्याच्या खुर्चीत." माझ्या आधीचे वक्ते कुलुपांबद्दल बोलत होते, खऱ्या लोखंडी कुलुपांबद्दल, आणि त्यांनी एक कुलूप बोलता-बोलता तारेने उघडून दाखवलं. मला त्यातलं काही धड आठवत नाही.

माझी पाळी आली. भाईंनी माइक माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "आवाज."

मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं भाषण डोक्यात होतं, पहिल्या वाक्यापासून. ते बाजूला सारून मी म्हणाले, "माझं भाषण मी राखून ठेवलंय. दार बंद झालंय असं मला वाटलं होतं, पण आज सकाळी कळलं, अजून एक उघडं आहे."

एवढंच. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, हे मला नंतर आईने सांगितलं. मी माइक परत द्यायला वळले आणि टाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं दोन-चार जण वाजवतील आणि थांबतील, पण त्या थांबेनात. जेऊरचा दादा उभा राहिला होता. पूर्व भागातल्या पोराने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. ताई बसूनच होत्या, पण माझ्याकडे बघत होत्या. आईनेही वाजवल्या, इकडे-तिकडे बघत, आधी बिचकत आणि मग जोरात.

उरलेल्या वेळात भाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. हात वर झाले. एकाने विचारलं, तू हे शोधलंस कसं? मी म्हटलं, शोधलं नाही, आईचं काम करताना चुकून सापडलं. सगळे हसले, मीही हसले. एकाने विचारलं, दुरुस्त झालं की नाही हे तपासायचं कसं, तुझं काय म्हणणं? मी म्हटलं, आपण आलो तेवढीच वाट बघायची नाही, बाकीचीही दारं ढकलून बघायची. ते मला सकाळीच कळलं होतं, आणि मी ते ताईंचं नाव घेऊन सांगितलं. इतक्या लोकांपुढे मी प्रश्नांची उत्तरं देत होते, हे माझ्या लक्षात उत्तरं संपल्यावर आलं.

आणि कुठली लॅब, कुठलं गाव, कुठली लिंक, हे एकानेही विचारलं नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊनसुद्धा नाही. इतक्या कुतूहलाच्या माणसांनी ते कुतूहल आवरलं, हेच मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं वाटतं. आमच्या गावात एखाद्याच्या घरात काय शिजलंय हे विचारल्याशिवाय कुणी उंबऱ्यावरून पुढे जात नाही.

निघताना भाई म्हणाले, "अगले टाइम येच भाषण. फळ्यावर पयलं लिहितो तुझं." ताईंनी झोळीतून एक पेढा काढून आईला दिला. आईने साखर आहे म्हणून तो घेतला नाही. मग म्हणाली, "आज चालतोय," आणि खाल्ला.

मंद्रूपच्या एसटीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. गाडी बागवानांच्या भाजीच्या पाट्यांनी भरलेली होती. हत्तूर ओलांडलं असेल, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला.

"ताई, केलं बघा. पंगत उठल्यावर मेव्हण्याच्या लॅपटॉपवर बसलो. प्रिंटचं बंद केलं. आणि त्या दुसऱ्या ताई म्हणाल्या होत्या ना, अजून दारं असतील तर. तर डाउनलोडचं पण निघालं. ते तुम्हाला पण माहीत नव्हतं ना?" त्याच्या आवाजात आता राग नव्हता, उलट शोध लागल्याचा आनंद होता. "ते पण लावलं. बघा जरा उघडून."

मी आईच्या आकड्याने प्रिंटचा पत्ता उघडला. पान थांबलं. ओटीपीची चौकट आली. शेजारी आईच्या पिशवीत फोन वाजला.

"आई, बघ मेसेज आलाय. आकडा सांग."

तिने फोन काढला. डोळे बारीक करून वाचला. मग फोन उलटा करून छातीशी धरला.

"न्हाय सांगत."

"आई, मीच हाय. मी बघतीय, दार बंद झालंय का."

"त्या पोरानं काय सांगितलं? सख्ख्या लेकराला बी न्हाय."

"पन तुझाच रिपोर्ट हाय की!"

"माझा हाय म्हनूनच न्हाय सांगत." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली, फोन मुठीत घट्ट धरून. पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. आई त्यांना म्हणाली, "पोरगी हाय माझी. हॅकिंग शिकतीय. हिला काय सांगायचं न्हाय बघा."

माझ्या फोनवर ती चौकट रिकामीच राहिली. थोड्या वेळाने वेळ संपली म्हणून पान आपोआप बंद झालं. मी सॉफ्टवेअरवाल्याला मेसेज टाकला: उघडत नाही. छान झालंय.